नियमितपणाचे वीस गुण

१० मे १९९४, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. अकरावीला खेळाडूंसाठी ज्या राखीव जागा आहेत, त्यांत मुलींच्या बास्केटबॉलला यंदा एकच. दहावीचा निकाल जूनमध्ये, पण नाव त्याआधी ठरलेलं हवं. उद्यापासून नऊ दिवसांचं निवड शिबिर. मी मराठी शिकवतो, पण विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षं खेळलो होतो, म्हणून जिमखाना माझ्या गळ्यात.

मागच्या वर्षी निवडीवरून कुरबुर झाली होती. या वेळी मी तक्ता आखला आहे. कौशल्य चाळीस, खेळाची समज पंचवीस, शरीरयष्टी पंधरा, नियमितपणा वीस. बेरीज बोलेल, मी बोलणार नाही. प्राचार्यांना आवडला. म्हणाले, "अविनाशराव, साहित्याच्या माणसाकडून आकडे येतील असं वाटलं नव्हतं."

समोरच्या इमारतीतल्या प्रभाकरची मुलगी वल्लरी शिबिरात आहे. प्रभाकर आणि मी एकाच संघात खेळलो. त्याने एक शब्दही टाकला नाही. मीच त्याला सांगितलं, घरचं पोर म्हणून अर्धा गुणही जास्त मिळणार नाही. तो म्हणाला, "द्यायचा म्हटलंस तरी तुझ्या हातून सुटणार नाही, मला ठाऊक नाही का?"

११ मे, बुधवार

शिबिर सात ते दहा. वल्लरीला स्कूटरवर मागे बसवून नेलं, पावणेसातला पोचलो. सात वाजता अकरा मुली हजर. यादीत बारा.

बारावी ७.३५ ला आली. निशा, गव्हाणची. केस ओले, सलवार पोटरीपर्यंत ओली, बोटांवर बारीक चिरे. तोंड उघडून काही सांगणार होती. मी म्हणालो, "इथे उशिराची कारणं सांगायची नाहीत. आलीस, रांगेत उभी राहा." बाकीच्या मुलींनाही तेव्हाच सांगून टाकलं. एकाचं कारण ऐकलं की सगळ्यांची ऐकावी लागतात, आणि मग खेळ बाजूला राहतो.

उंची पाच फूट दोन. हात मात्र विलक्षण. चेंडू गुडघ्याच्या खाली ठेवते, त्याच्याकडे बघत नाही. चालताना टाच आधी उचलते, पाऊल ओढून काढल्यासारखं. कोणी शिकवलं नसावं. पायांची ठेवण चुकीची, असं टिपून ठेवलं.

दुपारी घरी रमाने तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण केलं होतं. पोटभर जेवलो आणि झोपलो.

१२ मे, गुरुवार

निशा ८.२० ला. आज तिने काही सांगायचा प्रयत्न केला नाही. लवकर शिकते.

वल्लरी पाच फूट आठ. रिंगखाली उभी राहिली की बरं वाटतं. चेंडू हातातून निसटतो, पण ते वयाने सुधारेल.

१३ मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. तरी शिबिर ठेवलं. निशा ९.०५ ला.

पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं, काल ऐंशी, आज एकशे पंचवीस. रोज बरोबर पंचेचाळीस मिनिटांची वाढ. इतका काटेकोर बेशिस्तपणा मी पाहिला नव्हता. स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळे हसले.

उरलेल्या पंचावन्न मिनिटांत तिने दोन मुलींमधून असा पास काढला की मी शिट्टी वाजवायची विसरलो. हे इथे लिहून ठेवतो. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना नाही.

१४ मे, शनिवार

निशा ९.५०. दहा मिनिटं खेळली. घाम यायच्या आत शिबिर संपलं. मी विचारलं, "एवढ्यासाठी आलीस?" ती म्हणाली, "दहापर्यंत हाय ना सर?" उद्धटपणा म्हणावा तर चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

१६ मे, सोमवार

निशा गैरहजर.

सकाळी गेटवर काळूराम काही सांगू पाहत होता. काळूराम आमच्या कोर्टाची देखभाल करतो, विचुंब्याचा आहे, बोलायला लागला की थांबत नाही. रेघा पुसट झाल्या होत्या. त्याला म्हणालो, आधी चुना मार.

वल्लरी घरी परत येताना स्कूटरवर मागून विचारत होती, "काका, माझं होईल ना?" मी म्हणालो, मी काका फक्त आपल्या रस्त्यावर. कोर्टवर सर. ती हसली.

१७ मे, मंगळवार

निशा सातला हजर. मनात म्हटलं, चला. साडेसातला पुढे येऊन म्हणाली, "सर, मी निगू?" मी म्हणालो, शिबिर दहाला संपतं. जरा वेळ उभी राहिली. मग चेंडू जाळीत ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

दिवस गैरहजर धरला.

१८ मे, बुधवार

निशा सातला आली, दहापर्यंत थांबली. काय खेळली. मी तक्ता मांडीवर घेऊन बसलो होतो. तो तसाच राहिला.

जेवायला मेथी. बाजारात तिसऱ्या नाहीत. भामा कोळीण रमाला म्हणाली, दोन-चार दिवस भांग आहे, पाणी मागे हटत नाही. रमा मला हे सगळं का सांगते कळत नाही.

१९ मे, गुरुवार

निशा पूर्ण वेळ. मुलगी लहरी आहे, एवढाच अर्थ निघतो. मनात आलं की येते. अशा खेळाडूंचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्या वेळी एक होता, माझ्यापेक्षा दुप्पट चांगला. आज कुठे आहे ठाऊक नाही. मी निदान इथे आहे.

२० मे, शुक्रवार

शेवटचा सामना. वल्लरी आणि निशा एकाच बाजूला. शेवटच्या मिनिटाला निशाच्या समोर रिंग मोकळी होती. तिने चेंडू वल्लरीला दिला. वल्लरी रिंगखाली एकटी, तिने तो टाकला, त्या जिंकल्या. वल्लरीचा निर्णायक बास्केट, असं मी टिपलं.

नंतर निशाला विचारलं, स्वतः का नाही टाकलास? म्हणाली, "तिला सोपा व्हता."

२१ मे, शनिवार

गुण भरले.

वल्लरी: कौशल्य २६, समज १५, शरीरयष्टी १२, नियमितपणा २०. एकूण ७३.

निशा: कौशल्य ३५, समज २४, शरीरयष्टी ९, नियमितपणा ४. एकूण ७२.

बाकीच्या बऱ्याच मागे.

निशाच्या कौशल्यासमोर मी आधी ३६ लिहिले होते. पुन्हा पाहताना पायांची ठेवण आठवली आणि ३५ केले. ३६ असते तर दोघी सारख्या झाल्या असत्या, आणि सारखे गुण असतील तर कौशल्य पाहायचं असा नियम मीच घातला आहे. पण पायांची ठेवण चुकीची आहे, ही गोष्ट पहिल्याच दिवशी नोंदलेली आहे. दैनंदिनीत आहे.

२३ मे, सोमवार

यादी फळ्यावर लावली. प्रभाकर पेढे घेऊन आला. घेतले.

निशा अकराच्या सुमारास आली होती. मी जिन्यावरून पाहिलं. तिने यादी एकदा वाचली. मग खालपर्यंत वाचली, प्राचार्यांच्या सहीपर्यंत. मला पाहून म्हणाली, "येते सर." मी मान हलवली.

२४ मे, मंगळवार

हे नीट लिहायचं आहे.

काळूराम जाळ्या धुऊन वाळत घालत होता. मला पाहून म्हणाला, "सर, ती गव्हानची पोर घेतली नाय?"

"बेरजेत बसली नाही."

"बेरजेत." त्याने जाळी झटकली. "मंग तसंच आसंल."

मी म्हणालो, "नियमित नव्हती, काळूराम."

"सोमवारी सव्वासहाला आलती. पयल्या येष्टीनं. मीच गेट उगडला. एकटीच खेलली, नि तुमी यायच्या आत पलाली. मी तुमाला तेच सांगत व्हतू. तुमी चुना मारायला लावलात."

"पळाली कशाला?"

"सुकती नाय का." माझ्या चेहऱ्यावरून त्याच्या लक्षात आलं की मला कळलेलं नाही. तो जाळी ठेवून जवळ आला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. निशाची आई जनी खाडीत तिसऱ्या काढते. कालवाच्या धारदार शिंपल्याने तिचा हात कापला, तो पिकला. तिच्या जागी आता पोर चिखलात उतरते. सुकती म्हणजे ओहोटी; पाणी ओसरलं की उतरायचं. भरलेल्या टोपल्यांचा टेंपो निघतो, तो तिला इथल्या नाक्यावर सोडतो.

"पन सुकती रोज पाऊन तासानं फुडं सरतं, सर. आज सातला तर उद्या पावनेआठला. ती तिच्या हातात हाय काय?"

मी विचारलं, तुला एवढ्या वेळा कशा पाठ?

"पाठ कशाला? तिथीची पाऊनपट करायची, ती भरतीची येल. सव्वासा तास मागं गेलात की सुकती. आमच्यात पोरंटोरं सांगतात." मग तो हसला. "तुमी तर प्रोफेसर हाव."

घरी आलो. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं.

११ मे, प्रतिपदा. ओहोटी साडेसहा. निशा ७.३५.
१२ मे, द्वितीया. सव्वासात. निशा ८.२०.
१३ मे, तृतीया. आठ. निशा ९.०५.
१४ मे, चतुर्थी. पावणेनऊ. निशा ९.५०.

चारही ओळींत फरक एक तास पाच मिनिटं. चार दिवसांत ती एका मिनिटानेही चुकली नव्हती. सोळाला ओहोटी सव्वादहाला, सतराला अकराला, म्हणून त्या दिवशी ती आधी येऊन गेली. पुढे अष्टमीपासून भांग. तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही, चिखलात जाऊन उपयोग नसतो. ती सात ते दहा थांबली ते दिवस तेच.

बावीस वर्षं मी वर्गात भरती-ओहोटी म्हणत आलो आहे. मनाची भरती, सुखाची ओहोटी, यौवनाची भरती. मुलं उतरून घेतात. खाडी कॉलेजपासून फार लांब नाही. तिथलं पाणी किती वाजता उतरतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

२५ मे, बुधवार

कॉलेजला सुट्टी. रमाला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे भामा विकायची त्या तिसऱ्या त्या मुलीने काढलेल्या," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जनी नसली तर बाजारातली तिची बसायची जागा दुसरी कोणी धरेल, म्हणून भामा तिचा माल घेऊन तिच्या जागेवर बसते, हे रमाला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. "तुम्हाला बोलले होते," ती म्हणाली. बोलली असेल.

"मला कारण कळलं असतं तर मी गुण दिले असते," मी म्हणालो.

"हो." तिने एक चादर बाजूला ठेवली. "आणि वल्लरी?"

"तिचं काय?"

"ती रोज वेळेवर कशी यायची?"

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. घड्या उचलून आत गेली.

वीसपैकी वीस. नऊ दिवस मीच आणलं तिला. मी वेळेवर होतो, म्हणून ती वेळेवर होती. मी माझ्याच नियमितपणाला गुण दिले. आणि एक गुण रबराने खोडला, तो पायांसाठी. घोटाभर चिखलात उभं राहून पाऊल काढायचं तर टाच आधी उचलावी लागते. सकाळी मी गच्चीत जाऊन तसं चालून पाहिलं. शेजारच्या बाई वाळवण घालत होत्या. त्यांनी विचारलं, पाय मुरगळला का?

२७ मे, शुक्रवार

गव्हाणला जाऊन आलो. जाताना स्कूटरवर मनात वाक्यं जुळवत होतो. माझी चूक झाली. मी ती दुरुस्त करेन. दोनच वाक्यं. दोन्ही म्हणता आली नाहीत.

घर खाडीच्या बाजूला. जनी ओटीवर बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मला पाहून उठली, डाव्या हाताने खुर्ची ओढली. निशाचा बाप आनंदा बंदरावर पाळीला गेला होता.

"बसा सर. पोरीचा तुमाला लई तरास झाला."

मी म्हणालो, नाही.

"झाला. मना म्हाईत हाय. येलंवर पोचत नव्हती. माज्या हातानं घात केला." तिने पट्टी बांधलेला हात माझ्यासमोर धरला, तक्रार म्हणून नाही, पुरावा म्हणून. "तिच्यावर राग धरू नका. ती दोन घास खायला पन थांबत नव्हती. वली कापडं घालून टेंपोत बसायची. मी बोलायची, सरांना सांग ना काय ते. तर बोलते, आये, तिथं सांगत नाय."

निशा दारात उभी होती. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला.

"यादी लागायची हाय म्हनते," जनी म्हणाली. "कवा लागनार, सर?"

मी निशाकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. यादी तिने चार दिवसांपूर्वी खालपर्यंत वाचली होती. आईला सांगितलं नव्हतं. आई हात बरा व्हायच्या आत स्वतःला दोष लावून घेईल म्हणून नसेल सांगितलं. किंवा तिला अजून काही वाटत असेल. मला ठाऊक नाही.

"लागेल," मी म्हणालो.

"नाव नाय लागलं तर मंग सुकतीला येते बोलते माज्याबरोबर. मी बोलली, यायचं तर ये. पन आदी सरांना इचार." ती हसली. "मना दहावीला जायला भेटलं नाय. ही गेली. फुडचं तुमच्या हातात हाय."

निघताना तिने निशाला आत पाठवलं आणि केळीच्या पानात बांधलेल्या तिसऱ्या दिल्या. नको म्हणालो. जनी म्हणाली, "बाईंना आवडतात. भामा सांगते ना, तुमच्या बाई नेमानं नेतात."

पुडकं घेतलं. निशा स्कूटरपर्यंत आली. मला वाटलं, आता ती विचारेल. तिने हँडलला अडकवलेलं पुडकं फक्त नीट केलं, सांडू नये म्हणून.

रमाने तिसऱ्या केल्या. मी भूक नाही म्हणालो. मग जेवलो.

२८ मे, शनिवार

सकाळी प्राचार्यांकडे गेलो. खिशात पत्र होतं. पहाटे उठून लिहिलं होतं, तीन परिच्छेद. पहिल्यात तक्त्यातला दोष, दुसऱ्यात खोडलेला गुण, तिसऱ्यात स्कूटर.

ते म्हणाले, "बोला, अविनाशराव. तक्ता कसा झाला? संस्थेच्या लोकांना फार आवडला. पुढच्या वर्षी सगळ्या खेळांना लावायचा म्हणताहेत."

मी म्हणालो, एका मुलीच्या बाबतीत पुन्हा विचार व्हावा असं वाटतं.

"यादी लागली आहे."

"हो. वल्लरीचं नाव राहूच दे. पण ही मुलगी फार चांगली आहे. आपल्या संघाला पाच वर्षांत अशी मिळालेली नाही."

ते विचारात पडले. माणूस वाईट नाही. म्हणाले, माझ्या अधिकारात एक अपवादाची जागा असते, ती देता येईल. पण समितीपुढे कागद लागेल. "चूक कुठे झाली ते कागदावर यायला हवं. चूक तुमची की मुलीची?"

पत्र खिशात होतं. हात तिथपर्यंत गेला. मी रुमाल काढला.

"बसची," मी म्हणालो.

ते मोकळे झाले. "मग सोपं आहे. मुलीकडून अर्ज घ्या. बस वेळेवर नसल्याने उशीर झाला, क्षमा असावी, वगैरे. खाली तुमची शिफारस. मंगळवारी मंजूर करून टाकू."

जिन्यावरून उतरताना मी स्वतःला सांगितलं की महत्त्वाचं आहे ते जागा मिळणं. हे खरंही आहे. पत्र घरी आणून या वहीत ठेवलं आहे.

२९ मे, रविवार

पत्र फाडलं. भाषा चांगली होती.

३० मे, सोमवार

काळूरामच्या हाती निरोप पाठवला होता. निशा दुपारी आली. टाकीच्या नळावर पाय धुऊन मग आत आली. जिमखान्याच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी टेबलावर कोरा कागद ठेवला आणि सांगितलं, तुला जागा मिळते आहे, अर्ज करावा लागेल.

तिने कागद जवळ ओढला. मग म्हणाली, "आयेला सांगू?"

"उद्या मंजूर झाला की सांग."

"आजच सांगते. तिला यादीचं कायतरी कललंय." तिने पेन उघडलं. "काय लिवू?"

मी मजकूर सांगू लागलो. मला हे चांगलं येतं. माननीय प्राचार्य यांस. विषय. मी खाली सही करणारी. ती शाळेतल्या मुलीसारखी मान वाकडी करून लिहीत होती, अक्षर सुटं, स्वच्छ.

"गव्हाणहून येणारी बस वेळेवर न मिळाल्यामुळे," मी म्हणालो.

पेन थांबलं.

"सर, बस मी पाचदाच धरली. पाची टायमाला येलंवर आली."

"माहीत आहे."

"तुमाला म्हाईत हाय?"

"काळूरामने सांगितलं. सुकतीचं सगळं."

तिने माझ्याकडे पाहिलं. घरी पाहिलं होतं तसं नाही. आता ती काहीतरी जुळवत होती. मला वाटलं, ती विचारेल की मग तेच का लिहायचं नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं. समितीला समजणार नाही, असं सांगणार होतो.

तिने विचारलं, "सुकती लिवली तर जागा जाईल?"

"सांगता येत नाही."

"आनि बस लिवली तर?"

"मिळेल."

तिने बस लिहिली.

पुढचं वाक्य मी सांगितलं. "माझ्या या बेशिस्तीबद्दल मी दिलगीर आहे." कागदाला ते लागतं. ती लिहीत असताना मी टेबलावरच्या शिट्टीकडे बघत होतो, त्यामुळे तिचा चेहरा पाहिला नाही.

"दिलगीर म्हंजे काय, सर? पुस्तकात हाय, पन नीट कधी कललं नाय."

"वाईट वाटणं."

"कोनाला?"

"लिहिणाऱ्याला."

"आसं." तिने शब्द पुरा केला. "आनि ज्याच्याबद्दल लिवतो त्याला?"

मी म्हणालो, त्याला काही नाही. तो फक्त वाचतो.

तिने सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. मग कागद उचलून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. मी तीन परिच्छेदांच्या पत्रासाठी जितका वेळ घेतला होता, त्याच्या चतुर्थांशात आम्ही दोघांनी हे लिहिलं होतं.

"चांगलं झालंय, सर," ती म्हणाली. "कोनाला खोटं वाटनार नाय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता आला असता. तिने खरोखर दाद दिली होती, आमच्याकडे हे काम कसं करतात ते पाहून.

तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि बोट ठेवून दाखवलं, शिफारस करणाऱ्याने सही कुठे करायची ते. मी तिथे सही केली.